संजूचा चौकोन

बक्षिसाचं कौतुक मला सांगू नका. सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी जनुकशास्त्राच्या संशोधकांची स्पर्धा होती. माझा सिकलसेल या रक्ताच्या पिढीजात आजाराचा वंशवृक्ष पहिला आला. त्यात पुरुष चौकोनात, बायका वर्तुळात, आजारी असेल तो काळा, आणि गेलेल्यावर तिरपी रेघ.

ज्यांच्या घराचा तो होता, त्या सुरतेतल्याच बमरोलीच्या ताराबाईंना दाखवायला नेला.

"यामा मना संजू कोठे शे?"

मी रेघ मारलेल्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ताई, त्याना फोटोच नही आमनाकडे. हाऊच भिंतले लावसू. ती रेघ तेवढी पुसी द्या."

मी नवा काढून दिला. चुकीचा वंशवृक्ष मी आयुष्यात तेवढा एकच काढला.