आगाशीच्या बाजारातली माझी जागा

माझं माहेर मिठागरावरच्या मजुरांचं, सासर निर्मळ गावचं, फुलांच्या वाडीवालं. पण वाडी सासऱ्यांच्या नावावर, आमच्या वाट्याला नुसतं फुलं खुडणं. म्हणून मीच टोपली उचलली आणि आगाशीच्या बाजारात देवळाच्या पायरीलगत बसले. कुणी म्हणालं, बाई, वेणी महाग आहे, की मी म्हणायची, मग प्लास्टिकची माळ घ्या, धुऊन वर्षभर वापरा. घासाघिशीत मला कुणी हरवलं नाही, काय सांगू तुम्हाला.

मग आमच्या सात वर्षांच्या पोरीला रक्ताचा कॅन्सर निघाला. उपचार मुंबईला. नवरा वसईच्या कारखान्यात, तो म्हणाला, एकानं तरी कामावर राहायला हवं. मी म्हटलं, मग मी राहते, कमाई माझी जास्त. तर सासू म्हणाली, पोरीजवळ आईच लागते, बाप काय करणार तिथे. झालं, माझंच काम सुटलं. त्याने तर कारखान्यात कळूही दिलं नाही, कळलं तर काढतील म्हणून. पोरगी उलट्या करायची आणि हा डबा घेऊन निघायचा.

बाजारात नियम एकच, जो रोज बसतो त्याची जागा. म्हणून मी थोरल्या जावेला म्हटलं, वहिनी, मी येईपर्यंत तिथे बसा, तेवढी माझी जागा राखा. ती म्हणाली, अगं, तू पोरीकडे बघ, जागा कुठे पळते!

दीड वर्षाने टोपली घेऊन आले, तर जाऊ म्हणते, आता गिऱ्हाइकं माझी झाली, आणि आजारी पोरीच्या आईच्या हातचं फूल देवाला कोण नेणार? भर बाजारात मी तिची टोपली लाथाडली, सगळा मोगरा चिखलात. ती शांतपणे म्हणाली, तुझ्याआधी इथे बसणारी ती म्हातारी मोतीबिंदू काढायला गेली, तेव्हा तू काय केलंस?

ही जागा मी तशीच घेतली होती, खरं आहे. म्हातारी रडली, तर मी म्हटलं होतं, आजी, आता घरी बसा. पुढे तिचं काय झालं, मी विचारलं नाही. पण तिला मुलगे होते सांभाळायला. मला कोण?

आता मी बसथांब्यापाशी गटाराच्या कडेला बसते. पोरगी शाळेत जाते, तपासणीच्या दिवशी मात्र मला तिथूनही उठावं लागतं. इकडे जावेचा गुडघा धरलाय. मी रोज सकाळी विचारते, वहिनी, गुडघा कसा आहे? ती म्हणते, बरा आहे. देवा, माझ्या पोरीला शंभर वर्षं दे, आणि हिचा गुडघा एकदाचा कायमचा जाऊ दे.