धुवायचं कापड

दवाखान्याच्या रांगेत शिवणवाल्या बाईच्या पुढे एक सासू आणि सून उभ्या होत्या. सुनेच्या पाठीला सहा महिन्यांची मुलगी बांधलेली. बांधायचं कापड डासांच्या औषधात बुडवलेलं. महिना झाला की नर्सबाई इथेच ते पुन्हा बुडवून द्यायच्या. काठाची शिलाई आपल्याच हातची आहे, हे ओळखून शिवणवालीने कान टवकारले.

“आई, नर्सबाईंनी विचारलं तर मी सांगणार हं, तुम्ही कापड रोज धुता म्हणून.”

“सांग की, औषध निघून जावं म्हणून धुते. घाबरते का मी? एवढ्याशा जिवाला औषधाचं कापड! हिच्या मोठ्या भावाला कुठे बांधलं होतं असलं काही?”

“मोठ्याला दोनदा मलेरिया झाला.”

“हो गं बाई. मरता मरता वाचलं पोर.”

“हिला एकदाही ताप नाही.”

“तेही मी रोज धुऊन!”

“आई, रागावू नका. तुम्ही धुवायचात ते साधं कापड होतं. धुण्याच्या वेळी औषधाचं मी लपवून ठेवायचे.”

“ठाऊक आहे मला.”

“अगंबाई! कधीपासून?”

“पहिल्याच दिवसापासून. नाक शाबूत आहे माझं. साध्या कापडाला वास कुठला?”

“मग रोज घासत काय बसायचात?”

“रोज धुणार, असा एकदा तोंडातून शब्द गेला होता ना माझ्या. ही धर पिशवी. ते साधं कापडही आणलंय, दोन्ही बुडवून घे.”

“आणि उद्यापासून तुम्ही धुणार काय?”

“तुझा नवरा सदरे मळवतोच की. सरक पुढे, नंबर आला.”