मोठा तलाव की लहान बोडी

एवढं मोठं नाव सोडून मी या कॉलेजात कशी आले, विचारता ना? बाबूजींमुळे. म्हणजे, मला तसं वाटलं होतं.

एमबीएच्या दोन जागा मिळाल्या होत्या. एक नावाजलेल्या कॉलेजची, पण तिथली फी भरायला बाबूजींना कर्ज काढावं लागलं असतं. दुसऱ्या कॉलेजने पूर्ण स्कॉलरशिप दिली होती, पण त्याचं नाव आमच्या अर्जुनी मोरगावात कोणी ऐकलं नव्हतं. पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं आणि मी दुपारपासून मोबाईल घेऊन घरात आत-बाहेर करत होते.

बाबूजी वावरातून आले, पाय धुतले आणि म्हणाले, "काऊन फिरून राहिली व? बस इथं. मले एक सांग. मोठ्या तलावावरची शेवटची बांधी बरी, का लहान बोडीवरची पहिली?"

किती सोप्या शब्दांत सांगितलं या माणसानं! तलाव असो की बोडी, म्हणजे लहानसं तळं, पाणी पहिल्या बांधीतल्या, बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यातल्या, धानाला आधी मिळतं, शेवटच्या बांधीला उरलंसुरलं.

"लहान बोडीवरची पहिली," मी म्हटलं आणि तिथल्या तिथे स्कॉलरशिपला होकार पाठवला.

संध्याकाळी जेवताना म्हटलं, "बाबूजी, तुमच्यामुळे सुटले मी."

"मी का केलो? मी तं ठेक्यानं घ्यायच्या बांधीचं विचारून राहिलो होतो. तुह्या कॉलेजातलं मले काय समजते?"

"मग घेतली कोणती?"

"मोठ्या तलावावरची," ते भात कालवत म्हणाले. "लहान बोडी मधातच आटते न व."