डावा खांदा

धाकटी : मी टपली दिलीच नाही, बाबा. शप्पथ. काठी सुटली हातातून.

बाबा : सुटली म्हणजे? ती पोरगी भिंतीवर येतेय, तिला डोळ्यांनी काही दिसत नाही, टपली बसली तरच वळायचं कळतं, आणि तुझी काठी सुटते?

धाकटी : मूठ ओली होती, घसरली. टोकाच्या चेंडूसकट पाण्यात. मी ओरडले, पण पाण्यात तिला काय ऐकू जाणार!

बाबा : मग वळली कशी?

धाकटी : तेच तर. हातभर अंतरावर आली आणि वळली.

बाबा : हात मोजले असतील. सराईत पोहणारे मोजतात.

धाकटी : दादाही मोजायचा.

बाबा : टॉवेलांच्या घड्या घालू दे मला. त्याचा विषय नको.

धाकटी : तीन वर्षं अंधांच्या या पोहण्याच्या स्पर्धेला स्वयंसेवक म्हणून येतो आपण. आई त्या टोकाला काठी धरते, मी या टोकाला. आणि तुम्ही या सामानाच्या खोलीत टॉवेल घेऊन बसता. पाण्याकडे बघतसुद्धा नाही.

बाबा : ज्याच्या हातून झालं, तो कुठल्या तोंडाने तिथे उभा राहणार?

पोहणारी : आत येऊ का? अगं बाई! दारातच बादली ठेवता होय? पाण्यातून वाचले आणि इथे पडले असते. ताई आहेत ना?

धाकटी : आहे, आहे. तुला लागलं तर नाही ना?

पोहणारी : लागेल कशाला? आभार मानायला आले. माझी मोजणी पार बोंबलली होती. अठराव्या हाताला वळायचं, मी विसाव्यावर. तुम्ही खांद्यावर टपली दिली नसती तर कपाळमोक्षच होता आज.

धाकटी : खांद्यावर?

पोहणारी : डाव्या. आपलं डोक्यावर ठरलं होतं, नाही का? पण हे बरं वाटलं. दचकायला होत नाही.

बाबा : डावाच? नक्की?

पोहणारी : हे काका वाटतं. काका, डोळे नाहीत, पण खांदे दोन्ही शाबूत आहेत माझे. ताई, एक विचारू? आज काठीला चेंडू नव्हता का?

धाकटी : का गं?

पोहणारी : बोटं लागली. पाचही. गारेगार. आणि खालून.

बाबा : खालून म्हणजे?

पोहणारी : तळाकडून, वर. कुणी उतरलं होतं का पाण्यात?

धाकटी : नाही.

पोहणारी : मग भास असेल. अर्ध्या तासाने अंतिम फेरी आहे. अशीच टपली द्या म्हणजे झालं. येते मी.

धाकटी : बाबा, बसा बघू. पांढरेफटक पडलात.

बाबा : तिला डाव्या खांद्याचं कुणी सांगितलं?

धाकटी : कोण सांगणार? आपल्या तिघांशिवाय माहीत कुणाला आहे?

बाबा : "डोक्यावर नको, बाबा, डाव्या खांद्यावर द्या. डोक्यावर दिली की झोपेतून कुणी हिसका देऊन उठवल्यासारखं वाटतं." असं म्हणायचा.

धाकटी : त्या दिवशी दादाला टपली द्यायला तुम्हाला उशीर का झाला? कधी सांगितलंच नाहीत.

बाबा : घड्याळ बघत होतो. समोरचं, मोठं. विक्रम होणार होता त्याचा. मान वर केली, एवढंच. खाली बघायच्या आत डोकं भिंतीवर आदळल्याचा आवाज आला. मग तो वर आलाच नाही. तुझ्या आईलाही ठाऊक नाही हे.

धाकटी : बाबा...

बाबा : राहू दे. रडू नकोस.

धाकटी : माझ्याच्याने आता काठी धरवणार नाही. पुन्हा सुटली तर त्या पोरीचं काही खरं नाही.

बाबा : आयोजकांना सांग मग.

धाकटी : सांगितलं. टपली द्यायला शिकलेलं दुसरं कुणी नाही म्हणाले. म्हणाले, तुझे वडील आहेत की.

बाबा : आण ती काठी. मूठ नीट कोरडी करून आण.

(अंतिम फेरी संपल्यावर. तीच खोली.)

पोहणारी : काका, पहिली आले मी, पहिली! टपली अगदी वेळेवर. डोक्यावर, ठरल्यासारखी.

बाबा : आणि खालून?

पोहणारी : कुणी नव्हतं. तुमची एकच पुरली. पळते, पदकाला बोलावतायत. बादली हलवलीत ना?

धाकटी : बाबा, किती वेळ लागला तिला? सगळे विक्रम, विक्रम म्हणतायत.

बाबा : मी घड्याळ बघितलं नाही.

धाकटी : एकदाही नाही?

बाबा : मोह झाला. खोटं कशाला बोलू? मान वर जाणारच होती. तेवढ्यात मागून तू हात ठेवलास म्हणून निभावलं.

धाकटी : मी? मी आईपाशी होते. पलीकडच्या टोकाला.

बाबा : मागे तूच होतीस.

धाकटी : बाबा, तुमचा शर्ट ओला झालाय. डाव्या खांद्यावर. पाच बोटं उमटलीत. टॉवेल देऊ?

बाबा : नको. आपोआप वाळू दे.