दार वाजवायला काय जातंय

...पण दार वाजवायला काय जातंय त्याचं? तुम्हीच सांगा! बावीस वर्षं मी नाटकाचा पडदा ओढतोय, विंगेत दोरी धरून उभा, आणि हा नायक प्रत्येक प्रयोगाला शेवटी भावाच्या दारापुढे येतो, हात उचलतो... आणि उभाच! पहिल्या अंकात भांडताना खुर्च्या काय फेकतो, आणि आता साधं दार वाजवत नाही! मी शाळेची पायरी न चढलेला माणूस, दिग्दर्शकाला विचारलं, तर कपाळाला हात लावून म्हणतो, "काका, बाहेरचा संघर्ष पहिल्या अंकात संपला हो! हा आतला!" असेल बुवा. पण आतला असो नाहीतर बाहेरचा, दार वाजवायला काय जातंय?

तर तुम्हाला सांगतो, परवा त्याने हात उचलला, आता मी पडदा टाकायचा, आणि माझे हात दोरीवरून हलेचनात! म्हटलं, आज वाजव बाबा, मगच टाकतो. तो उभा, मी उभा, दिग्दर्शक मागून "काका, पडदा! अहो पडदा!", लोक खोकायला लागले, नायकाला दरदरून घाम... शेवटी वाजवलं बिचाऱ्याने! पण उघडणार कोण? दारामागे नुसती भिंत!

आत येऊन नायक माझ्यावर ओरडेल म्हटलं, तर हळूच म्हणतो, "काका, तुम्ही सात वर्षांत तुमच्या थोरल्या दादांचं दार एकदा तरी वाजवलंत?"

घ्या! आता आमचं भांडण शिडीवरून. हसू नका. शिडी माझी, दादा म्हणतो त्याची, आणि त्यावरून सात वर्षं अबोला, तोही एकाच गल्लीत! रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर... सकाळी उठलो, तडक गेलो, दारापुढे उभा राहिलो, हात उचलला...

आणि तुम्हाला सांगतो, जातंय हो! बरंच काही जातंय! हात वर जातो तो दगडासारखा तिथेच. आधी काय बोलू? शिडीचं काढू की त्याच्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारू? त्याने तोंड फिरवलं तर? परत फिरावं तर पाय निघेना...

तेवढ्यात दार उघडलं. वहिनी, हातात केराची बादली, आणि तिच्या मागे दादा, कडीकडे हात नेलेला, तसाच!

"अर्धा तास बघतेय," वहिनी म्हणाली, "हे आतून पुतळा, भाऊजी बाहेरून पुतळा! बाजूला व्हा दोघं, मला केर टाकायचाय!"

झालो बाजूला. काय करणार... दादाही नेमका त्याच बाजूला झाला!