टाकीतलं आजारपण

...आणि वर मलाच विचारतात, "वहिनी, त्यांना रजा मिळाली नाही का हो?" आता काय सांगू? रजा मंजूर होती, तुम्हाला सांगते, पिशवी भरलेली होती, पण ऐन वेळी टाकी आजारी पडली त्याला कोण काय करणार?

हसू नका. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात, आमच्या ह्यांनी जिवाणू पाळलेत. गावाचं सांडपाणी नदीत सोडण्याआधी जिथे साफ होतं ना, तिथे हे ऑपरेटर. मोठ्या टाकीत खालून हवा सोडायची, डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव आपली घाण खातात, मग गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पाणी नदीला. ते पाणी बाटलीत भरून मला दाखवणार, "वास घे, मातीसारखा येतोय की नाही?" म्हटलं, येतोय, आधी जेवून घ्या. वीस वर्षं हेच. "आज काय झालं?" विचारलं की, "काही झालं नाही." आणि तोंडावर असं समाधान, जणू लेक बोर्डात पहिली आली.

तर त्या मंगळवारी सकाळी मोठ्या भाऊजींचा फोन. मामंजी त्यांच्याकडे असतात... असायचे. ह्याच नदीच्या खालच्या अंगाला, बसने दोन तास. "बाबा तुझं नाव घेतायत. ये." हे म्हणाले, "निघालोच, दादा." फोनवरच रजा मंजूर करून घेतली आणि साहेबांना किल्ल्या द्यायला म्हणून प्लँटवर गेले, तर टाकीवर पांढरा फेस. सूक्ष्मदर्शकातून बघतात, तर एकही जीव हलेना. वरच्या गटारात कुणीतरी कसलं तरी विष ओतलं होतं.

नदीकडचं दार तिथल्या तिथे बंद केलं. येणारं पाणी राखीव टाकीत वळवलं, ती पुरणार दोन दिवस. तेवढ्यात शेजारच्या शहरातून जिवंत जिवाणू असलेल्या गाळाचे टँकर आणायचे, ओतायचे, हवा कमीजास्त करत बसायचं. दुसरा ऑपरेटर आहे, त्याचा पाय प्लास्टरमध्ये. साहेब नवे, ते म्हणतात, "सोडून द्या ना थोडं नदीत, कुणाला कळतंय?" हे म्हणाले, "माशांना कळेल, साहेब."

दर दोन तासांनी भाऊजी. "निघालास?" "दादा, एवढा टँकर रिकामा होऊ दे." "बापापेक्षा गटार मोठं झालं का रे?" मी डबा घेऊन समोरच होते. फोन बंद झाला तरी ह्यांनी तो कानालाच धरून ठेवला... म्हटलं, जा तुम्ही. म्हणाले, "गेलो तर इथे कोण बघेल?" मी डबा उघडून पुढे ठेवला.

गुरुवारी सकाळी जीव हलायला लागले. साहेबांनी अहवालात लिहिलं, काही झालं नाही. आम्ही पहिली बस धरली. पोचलो, तर मामंजींना जाऊन तास झाला होता.

सगळं आटोपल्यावर दोघे भाऊ नदीकाठी उभे, मी मागे. पाणी असं स्वच्छ, की तळाचे दगड मोजून घ्यावेत. भाऊजी म्हणाले, "ही बघ तुझी नदी. आहे तशी आहे. तू आला असतास तर काय बिघडणार होतं रे हिचं?"

ह्यांनी वाकून पाण्यात हात बुडवला. मला वाटलं, आता विषाचं सगळं सांगतील... म्हणाले, "खरंय, दादा."

मेलेले मासे असते तर दाखवले असते हो भाऊजींना. न मेलेले कसे दाखवायचे?