कपाटाला चिकटवलेला कान

बेबाबाई : पुरे हो आता! घासून घासून भोक पडेल त्या कानाच्या मशीनला.

पुना : पोह्यांचं तेल आहे यावर. बोट लावून बघ. शी! नवऱ्या मुलाच्या त्या काकाच्या बोटांचं तेल. मचमच करत पोहे हाणत होता, आणि तेच खरकटे हात माझ्या डोक्याला लावले. शिसारी आली मला.

बेबाबाई : पाहुण्यांनी हात लावला तर काय आभाळ कोसळलं...

पुना : तोंड इकडे कर. मशीन हातात आहे माझ्या, कानावर नाही. भिंतीशी बोलू नकोस.

बेबाबाई : म्हटलं, पोरगी पाहायला आलेले लोक, ते चौकशी करणारच! मेंदूज्वरानं मुलीच्या बापाचे कान गेले, हे त्यांच्या कानावर होतं. आता ऑपरेशन झालं, ऐकू येतं, हे त्यांले दाखवायला नको?

पुना : दाखवायला? बैल आहे का मी बाजारातला? तो काका माझ्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. बशीवर चमचा वाजवला. म्हणे, काय वाजलं? मी सांगितलं. मग टाळी वाजवली. तेही सांगितलं. मग म्हणे, आता मी काय बोललो? पोरीसाठी मी तेही सांगितलं. शाळकरी पोरासारखं पाठमोरं बसून सांगितलं.

बेबाबाई : मग झालं की! पास झालात.

पुना : पास झालो, तर म्हणे आता काढून दाखवा. काढलं मी. ही तबकडी डोक्याला कशी चिकटते, आत लोहचुंबक आहे का, सगळं विचारून झालं. मग प्रसादासारखी हातोहात फिरवली. आणि शेवटी त्या काकानं ती नेऊन या लोखंडी कपाटाला चिकटवली. चिकटली तसे बठ्ठे, पाचच्या पाच, खदाखदा हसले. माझा कान कपाटावर आणि मी खुर्चीत. थू!

बेबाबाई : घरात थुंकू नका. नवल वाटलं असेल त्यांले. माझ्या भावानं, रतिलालनं किती खेटे घातले, तेव्हा कुठे हे धुळ्याचं स्थळ हाती लागलं. पोरीची तिशी उलटली. महिनाभर त्या पोराशी फोनवर बोलते, एकटीच हसते. माले तर देव पावल्यासारखं झालं. आणि तुम्ही? पाहुणे निघाले तरी हात जोडले नाहीत.

पुना : त्यांना हात जोडू? त्यापेक्षा तोडून ठेवीन.

बेबाबाई : एका मशीनपायी इतका राग? लोक काय म्हणतीन?

पुना : मशीनचं नाही गं ते.

बेबाबाई : मग कशाचं?

पुना : काही नाही. जा, त्या कपबश्या विसळ. राख लावून विसळ.

डिंपल : आई! त्याचा मेसेज आला. त्यांच्याकडून होकार आहे.

बेबाबाई : अगं माझी बाई ती! ये, आधी साखर घाल तोंडात. ऐकलंत का? होकार आला!

पुना : दिसलं मला.

डिंपल : नाना, असं काय तोंड केलंय? आवडला नाही का तुम्हाला तो?

पुना : तुला आवडला ना?

डिंपल : मला आवडलाय. बोलायला चांगला आहे. पण तुम्ही असे का बसलात? आम्ही दोघी आत चहा गाळत होतो, तेव्हा बाहेर काय झालं?

पुना : मला काय माहीत? माझी मशीन कपाटाला होती.

डिंपल : बारा वर्षं तुम्ही मशीनशिवायच ऐकलंत नाना. समोरच्या गल्लीत कोण काय बोलतं ते खिडकीतून सांगायचात मला. समोर बसलेले पाच जण तुम्हाला दिसले नाहीत?

पुना : ओठांवरचं सगळंच खरं नसतं.

डिंपल : काय बोलले ते?

बेबाबाई : अगं, पाहुणे होते, बोलले असतील काही. चांगल्या दिवशी उकरून काढू नकोस.

डिंपल : थांब आई. नाना, माझ्याकडे बघा. आईसमोर सांगवत नसेल तर आवाज काढू नका. नुसते ओठ हलवा, मी वाचते.

(पुनाचे ओठ हलतात. आवाज नाही. डिंपल टक लावून पाहते.)

बेबाबाई : काय म्हणताय? मोठ्यानं बोला ना! माले काहीच ऐकू येत नही. डिंपल, काय म्हणाले ते?

डिंपल : यांचा कान कपाटाला लावल्यावर काका पोराला म्हणाला, आता बिनधास्त बोलू, म्हाताऱ्याला काही कळत नाही. पोरगी कमावती आहे, सून करून घेऊ. पण हे बहिरेपण रक्तात असलं तर? पहिलं पोर बहिरं निघालं, तर तिला पोरासकट यांच्याच दारात आणून सोडू.

बेबाबाई : अरे देवा! अहो, पण तुमचं तर दुखण्यानं झालं! रक्तात कुठून आलं?

पुना : त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. माझ्याकडे बघून हसत हसत बोलत होता तो.

डिंपल : आणि तो? तो काय म्हणाला?

पुना : जाऊ दे ना.

डिंपल : नाना.

पुना : चहात बिस्कीट बुडवत होता. म्हणाला, बरं.

डिंपल : नुसतं बरं?

पुना : मान डोलावली, बरं म्हणाला, आणि बिस्कीट तोंडात टाकलं.

डिंपल : तुमचं चुकलं नसेल ना? चहा पीत होता, ओठ नीट दिसले नसतील.

पुना : तुला हवं असेल, तर चुकलं म्हणतो. पुन्हा कधी तोंडातून काढणार नाही. लग्नात हात जोडून दारात उभा राहीन.

बेबाबाई : ऐक बाई, नानांचं चुकलंच असेल. माणूस घाईत काहीही म्हणतो. पोरगा तसा...

डिंपल : आई, मामाला फोन लाव.

बेबाबाई : काय सांगणार तू त्याले? डिंपल, दमानं घे. पुन्हा असं स्थळ...

डिंपल : लाव तू. नाना, ती मशीन द्या इकडे. डोकं खाली करा जरा. हं, चिकटली. येतंय ऐकू?

पुना : येतंय.

डिंपल : मग आता माझ्या तोंडाकडे बघू नका. मी मामाला काय सांगते, ते कानानं ऐका.